उलट्या शब्दांचा तास

११ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

पत्राची पहिली ओळ स्वतःबद्दल नसावी, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. तेव्हा आधी तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? तुझे यजमान अजून सगळी वर्तमानपत्रं आधी स्वतः वाचून, त्यांच्या घड्या पार विस्कटून मग तुझ्या हातात देतात का?

पत्र मुख्यालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे जुनाच आहे. पाकिटावर 'खाजगी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तरीही तुझ्या स्वीय सहायकाने ते उघडलंच, तर त्याला माझा नमस्कार. त्याला सांग की शाळेत त्याच्या मॅडम वर्गात सगळ्यात उंच आणि काटकुळ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर मी, गोल आणि पांढरीफटक. एक पेन्सिल, एक रबर. मुलींनी नावं ठेवली ती जन्माला पुरली.

परवा कपाट आवरताना शाळेचा कमरेचा पट्टा सापडला. माझ्या मनगटाला गुंडाळून बघितला, तर दोनच वेढे बसले. प्रार्थनेच्या खोलीतला तो मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास एकदम आला. तू त्या खोलीत हळूच पाय हलवायचीस आणि बाक करकरला की माझ्याकडे बघायचीस, म्हणजे सिस्टरही माझ्याकडेच बघायच्या. मी कधी तुझं नाव सांगितलं नाही, हे आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

मला निवृत्त होऊन वर्ष उलटून गेलं. निरोपाला तू आली नव्हतीस, पण तुझ्या कार्यालयाकडून गुच्छ आला होता. त्याला पोच द्यायची पावती जोडलेली होती, ती मी सही करून परत पाठवली. पाण्याच्या टाकीजवळच्या आपल्या फोन घेणाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. वरच्या वर्गातला फळा अजून भिंतीवर आहे म्हणे, पण त्याच्यापुढे खोकी रचली आहेत.

मी निवृत्त होण्याआधी, विभागाच्या संगणकावर तू सुरू केलेल्या ज्ञानकोषाची दोन मुलं कॅमेरा घेऊन आली होती. जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याजवळचं ज्ञान जतन करायचं, असं तुझं परिपत्रक होतं. मुलं गोड होती. त्यातला एक मला 'आजी' म्हणाला, मग जीभ चावून 'मॅडम' म्हणाला. फोन घेण्याबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते सगळं सांगा, फक्त आठ-आठ मिनिटांचे तुकडे करा, म्हणाले. मी केले. फोनवर कसं बोलायचं ते त्यांनी 'शिष्टाचार'मध्ये टाकलं, पत्ता कसा काढून घ्यायचा ते 'भूगोल'मध्ये. शेवटी मी उलट्या शब्दांचा तास घेतला. तेव्हा दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "मॅडम, हे कुठल्या रकान्यात टाकायचं?" मी म्हटलं, बाबांनो, तुम्हाला योग्य वाटेल तिथे टाका. त्यांनी ते 'इतर'मध्ये टाकलं.

तुला आठवतो ना तो तास? तू एकदा तपासणीला आली होतीस आणि मागच्या बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होतीस. आपली माणसं सरळ बोलत नाहीत, हा त्या तासाचा पहिला धडा. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणतात. दुकान बंद केलं तर 'वाढवलं' म्हणतात. निघाला की 'येतो' म्हणतात. साहेब 'बघू' म्हणाले तर काम होणार नाही. आणि म्हाताऱ्या माणसाने 'तसं विशेष काही नाही' असं दोनदा म्हटलं तर तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघू नका, गाडी पाठवा.

असो. माझं बरं चाललंय. वरची खोली भाड्याने दिली आहे. एक मुलगी राहते, आपल्याच मदत केंद्रात फोन घेते. गेले काही दिवस तिचं जेवण मी जिन्यावर ठेवते आहे.

तुझी,
रबर


१५ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

मागचं पत्र खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते. तूही ते ओळखलंच असशील. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर उगाच कुणी कमरेच्या पट्ट्याबद्दल लिहीत नाही.

शिंप्याचा तो फोन तू ऐकला आहेस. सगळ्यांनीच ऐकला आहे. तो घेणारी मुलगी म्हणजे माझी वरची.

तरी मी तो तुला पुन्हा सांगते, कारण तू तो चौकशीच्या कागदांत वाचला असशील आणि लोकांनी तो हसण्यासाठी ऐकला आहे. मी तो तिच्या तोंडून ऐकला, स्वयंपाकघरात, ती ओट्याला टेकून उभी असताना.

दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला. आवाज अगदी शांत, थोडा संकोचलेला. म्हणाला, "बाळ, माझ्या दुकानाच्या नळाचं मीटर बंद करायचंय. दुकान वाढवलं मी."

आणि ती म्हणाली, "अरे वा, अभिनंदन काका. मग वाढीव जागेसाठी नवीन जोडणी लागेल ना?"

तो जरा थांबला. मग हसला, ते हसणं ध्वनिमुद्रणात आहे. म्हणाला, नको बाळ, आहे तेवढं पुष्कळ झालं. ती म्हणाली की मीटर बंद करायला कार्यालयात येऊन अर्ज द्यावा लागेल. तो म्हणाला, "बरं. येतो मी."

तुमचं नवीन यंत्र फोन ऐकत असतं आणि पडद्याच्या तळाशी हिरव्या पट्टीत उत्तर लिहून तयार ठेवतं. पट्टी आली: 'अर्जदार स्वतः कार्यालयात येणार'. तिने बटण दाबलं. फोन संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घड्याळजीने दुकानाचं दार उघडवलं. शिंप्याने त्याच दुपारी स्वतःला संपवलं होतं. त्याची बायको मागच्या हिवाळ्यात गेली होती. पुढचं मी लिहीत नाही.

ते ध्वनिमुद्रण केंद्रातल्याच कुणी तरी बाहेर दिलं. आता पावाच्या दुकानात रांगेत उभा असलेला माणूस सुटे पैसे घेताना दुकानदाराला 'अभिनंदन काका' म्हणतो आणि सगळी रांग हसते. परवा त्या रांगेत ती स्वतः उभी होती. पाव न घेताच घरी आली.

पेन्सिल, ही मुलगी मूर्ख नाही. निष्काळजी तर नाहीच. तिच्या वयाची मुलं दुकान 'बंद' करतात, वाढवत नाहीत. तिच्या कानाला 'वाढवलं' म्हणजे वाढवलं. तिला हे सांगायला कुणी तरी हवं होतं, आणि ज्या वर्गात ते सांगत होते तिथे आता खुर्च्या आहेत. तिचं प्रशिक्षण पडद्यावर झालं. प्रश्न, चार उत्तरं, एकावर खूण. तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले होते. ते गुणपत्रक तिच्या आईने चौकट करून भिंतीवर लावलंय.

आता तिच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका आहे आणि चौकशी समिती बसली आहे. ठपका कायम झाला तर ही नोकरी जाईलच, पण पुन्हा कुठल्याही सरकारी दारात तिला उभं करणार नाहीत. आणि एका माणसाचा जीव तिच्यामुळे गेला, असं शिक्क्यासह लेखी मिळेल. मला भीती नोकरीची कमी आणि त्या कागदाची जास्त वाटते. ती तो कागद खरा मानेल.

माझं मागणं एवढंच आहे. समितीला एक वाक्य लिहून दे. उलट्या शब्दांचा तास विभागाने बंद केला आणि या मुलीला तो कधीच शिकवला गेला नाही. दुसरं काही नको. वर्ग बंद करणाऱ्या परिपत्रकावर सही तुझी आहे, म्हणून हे वाक्य तुझ्याच हातून यायला हवं. माझं कोण ऐकणार, मी तर खुर्च्यांच्या बाजूची.

वर्ग बंद करायचं ठरलं त्या बैठकीबद्दल मनात काही ठेवू नकोस. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की तू जन्मात एक फोन घेतलेला नाहीस आणि फोन घेणाऱ्यांचं शिक्षण ठरवते आहेस. ते मला आजही खरंच वाटतं, पण बंद दाराआड म्हणायला हवं होतं. तू मला 'बाई, आपण नंतर बोलू' म्हणालीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू मला बाई म्हणालीस. ते 'नंतर' अजून आलेलं नाही.

तुझी,
रबर


३ मार्च

प्रिय पेन्सिल,

तुझ्या कार्यालयात फोन केला. तुझ्या सहायकाने विचारलं, विषय काय सांगू? मी म्हटलं, पेन्सिल. तो म्हणाला, लेखनसामग्री विभाग खाली आहे, जोडून देतो. मी म्हटलं, राहू दे बाबा.

तू रागावली असशील तर राग. पण वाच.

मुलीची आई आली आहे. तीही वरच राहते. बुटकी, तुरुतुरु चालणारी बाई. आल्याआल्या तिने माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि माझ्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या. मला आता साखर सापडत नाही. पण घरात कुणीतरी बोलतंय, हे बरं वाटतं. रोज सकाळी मला विचारते, "ताई, त्या मोठ्या मॅडम तुमच्या शाळेतल्या ना हो? एका बाकावरच्या?" मी हो म्हणते. मग ती समाधानाने कणीक मळायला घेते. तिच्या दृष्टीने काम झालेलंच आहे. एका बाकावरच्या मुली एकमेकींना कशा विसरतील, हे तिला खरंच समजत नाही, आणि मला तिला समजावता येत नाही.

मुलगी खाली येऊ लागली आहे, पण एक नवीनच झालंय. बाहेर निघाली की 'येते' म्हणत नाही. 'जाते' म्हणते. पहिल्यांदा आईच्या हातातला पेला खाली पडला. "अगं, जाते काय म्हणतेस मेले, येते म्हण." मुलगी चपला घालत शांतपणे म्हणाली, "आई, येते म्हटलं की लोकांना कळत नाही." आणि गेली. ती कोपऱ्यावर औषध आणायला गेली होती. आम्ही दोघी ती परत येईपर्यंत फाटकाशी उभ्या होतो. ती परत आली तेव्हा आईने तिला औषधाच्या दुकानातली गर्दी विचारली आणि मी कुंडीतली सुकी पानं काढू लागले.

मी शिंप्याच्या दुकानाकडेही जाऊन आले. का गेले, माहीत नाही. शिक्षकाची खोड, चुकलेलं गणित पुन्हा मांडून बघायची. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. काचेतून दिसतं. यंत्रावर झाकण घातलेलं, इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवलेली, खडूचे तुकडे एका बशीत. लोकांचे शिवलेले कपडे त्याने आदल्या आठवड्यात घरोघर पोचवले होते. कुणाचं काही ठेवलं नाही.

शेजारचा घड्याळजी मला चौकशीतली समजून आधी उभा राहिला. मी कोण ते सांगितल्यावर बसला आणि मलाही स्टूल दिलं. तो म्हणाला, "मलाही म्हणाला होता की हो. दुकान वाढवलं म्हणाला. मी म्हटलं, आज लवकर? तर म्हणाला, हो, येतो. रोज तेच म्हणायचा, बाई. मला कसं कळणार?" त्याच्या डोळ्यावर ते भिंग तसंच होतं, ते काढायचं तो विसरला होता. मग म्हणाला, "त्या पोरीला सांगा, मी शेजारी तीस वर्षं बसलोय. मला नाही कळलं."

घरी येताना बसमध्ये मी विचार करत होते की माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या मुलीला तरी कळलं असतं का. तुला खरं सांगते, मला खात्री नाही. समितीसमोर मी हे म्हणणार नाही, पण तुला म्हणते. शब्द ओळखणं हा तासाचा फक्त पहिला भाग होता, हसण्याचा. खरा धडा पुढचा प्रश्न हा होता. 'दुकान वाढवलं' म्हटलं की विचारायचं, मग उद्या किती वाजता उघडणार, काका? 'येतो' म्हटलं की विचारायचं, कुणाबरोबर येणार? उत्तर कसं येतं ते ऐकायचं. बाकी काही नाही. आपल्या माणसांना सरळ सांगता येत नाही, पण सरळ विचारलं तर खोटंही बोलता येत नाही. थांबतात. त्या थांबण्यात सगळं असतं.

ती मुलगी म्हणते, तो थांबला होता. नको बाळ म्हणायच्या आधी. तिला ते जाणवलं होतं. पण पट्टी हिरवी झाली होती, आणि पट्टी हिरवी झाल्यावर फोन लांबवला तर महिन्याच्या आढाव्यात नाव लाल अक्षरात येतं.

तेव्हा एक वाक्य, पेन्सिल. मी मोजून मागते आहे.

तुझी,
रबर


१९ मार्च

माझ्या लाडक्या पेन्सिल,

तुझं पत्र आलं. मुख्यालयाचा कागद नाही, टंकलेखन नाही, तुझं स्वतःचं उभं, सुईसारखं अक्षर. सिस्टर म्हणायच्या, हिच्या अक्षरांना जेवायला घाला कुणीतरी. मी दारातच उभी राहून वाचलं. पोस्टमनने विचारलं, बाई, सगळं ठीक ना?

तू लिहिलं आहेस, 'रबर, तुझी तिन्ही पत्रं मिळाली. कार्यालयातून उत्तर देणं शक्य नव्हतं. मुलीची काळजी करू नकोस, मी बघते. ज्ञानकोषातलं तुझं ते ध्वनिचित्रमुद्रण नक्की कुठे आहे? माझ्या माणसांना सापडत नाही. समितीपुढे ठेवता येईल.' खाली 'पेन्सिल' अशी सही. मी ती सही किती वेळा बघितली ते सांगत नाही, तू हसशील.

मी या वयात जिना धावत चढले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी म्हटलंच होतं, एका बाकावरच्या. आणि रडायला लागली. मुलगी खिडकीशी होती. तिने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, तुमचा तो तास दाखवला की त्यांना कळेल ना, मला हे कुणी शिकवलंच नव्हतं?" मी म्हटलं, आंधळ्यालाही कळेल. महिनाभरात पहिल्यांदा ती खाली आमच्याबरोबर बसून जेवली, आणि माझ्या हरवलेल्या साखरेवरून आईची चेष्टाही केली.

आता तुझं उत्तर. ज्ञानकोषात माझ्या नावाने शोधू नकोस, तिथे मी नावाने नाही. आधी 'निवृत्त कर्मचारी', मग 'फोन सेवा', मग अगदी तळाशी 'इतर'. त्यातला सातवा भाग. सुरुवातीला मी पदराने चष्मा पुसते आहे, तेवढं सोडून दे. तारीखही खाली दिसते. ही मुलगी नोकरीला लागली त्याच्या बऱ्याच आधीची आहे, म्हणजे मी हे नंतर रचलेलं नाही हेही त्यांना कळेल.

सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे. आम्ही तिघीही येतो आहोत. तू तिथे असशील का? नसलीस तरी चालेल. पण असलीस, तर मधल्या सुट्टीत बाहेर ये. मी येताना दोघींसाठी चहा भरून आणीन. तुला अजून बिनदुधाचाच लागतो ना?

तुझी, अगदी तुझीच,
रबर


२ एप्रिल

प्रिय पेन्सिल,

तू तिथे नव्हतीस. तुझ्या हाताखालचे साहेब होते. चांगले होते, आवाजही चढवला नाही. हे मला मुलीनेच सांगितलं, कारण मला आणि आईला आत सोडलं नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर एक पाटी होती, 'ज्ञान हीच सेवा'. आई अक्षर अक्षर लावत वाचत होती. मग तिने मला विचारलं की मोठ्या मॅडम आत आहेत का. मी म्हटलं, असतील.

काही वेळाने दारातून माझा आवाज ऐकू आला. आईने माझा हात दाबला. ताई, तुमचा तास लावलाय. मीही तिचा हात दाबला.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरी येऊन तिने चपला जागेवर ठेवल्या. मग पाणी प्यायली आणि सगळं नीट, क्रमाने सांगितलं. ती नेहमीच नीट सांगते, अठ्ठ्याण्णववाली मुलगी.

साहेबांनी माझा तास सगळ्यांना दाखवला. मग तिला विचारलं, हे ध्वनिचित्रमुद्रण ज्ञानकोषात कधीपासून आहे? तिला तारीख वाचायला सांगितली. तिने वाचली. तुम्ही नोकरीला कधी लागलात? तिने सांगितलं. ज्ञानकोष सर्व कर्मचाऱ्यांना खुला आहे हे तुम्हाला माहीत होतं का? हो. रुजू होताना तुम्ही तशी सही केली आहे का? हो. तुम्ही हा भाग कधी पाहिलात का? नाही. का नाही? ती म्हणाली, मला तो आहे हे माहीत नव्हतं. तेव्हा साहेब जरा दुःखानेच म्हणाले, "पण तो होता."

निकालातली ओळ मी इथे उतरवून देते, तुझ्याकडे असेलच. 'आवश्यक ज्ञान विभागाने वेळीच जतन करून उपलब्ध केले होते. ते प्राप्त करून घेण्यात कर्मचाऱ्याने कसूर केली.'

ती बडतर्फ झाली.

माझा तास तुझ्या माणसांना सापडत नव्हता. त्यांना वाट मी दाखवली, पायरीपायरीने. तारीखसुद्धा मीच बघायला सांगितली.

तू हे ठरवून केलंस का, हे मला विचारायचं नाही. कदाचित तू खरंच मदत म्हणून ते समितीकडे दिलंस आणि तिथून पुढे ते तुझ्या हातात राहिलं नाही. कदाचित एकीला जायचंच होतं, ती किंवा जिने वर्ग बंद केला ती. मी दोन्ही मनात धरून बघते. कुठलंही धरलं तरी वरच्या खोलीत बांधाबांध चालू आहे. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की 'बघू' म्हणजे काय. तुझं 'मी बघते' वाचून जिना धावत चढले.

मी अपील लिहिलं आहे. वकिलाने वाचलं आणि विचारलं, तो भाग खरोखर उपलब्ध होता की नव्हता? मी म्हटलं, होता, पण... तो म्हणाला, बाई, तुमच्या 'पण'ला कायद्यात जागा नाही. तरी पाठवलं. मुख्यालयाच्या यंत्राकडून पोच आली. आपली तक्रार नोंदवली आहे, वर्ग इतर.

आईला अजून नीट समजलेलं नाही. ती मला काल म्हणाली, ताई, तुमच्या मैत्रिणीने एवढं तुमचं चित्र लावलं तिथे, मग पोरीला का काढलं? मी तिला सांगायला बसले. दोनदा सुरुवात केली. शेवटी ती मलाच समजावू लागली की असू द्या, तुम्ही तुमच्याकडून केलंत. मग तिने माझे डबे सगळे पुन्हा मूळ जागी लावले. निघण्याआधी घर जसं होतं तसं करून द्यायला हवं, म्हणाली.

आज संध्याकाळी मी खाली भांडी पुसत होते. वरून बोलणं ऐकू आलं, बाईचा आवाज. मला वाटलं, आईच बोलते आहे. मग शब्द ओळखू आले. तो माझा आवाज होता. मुलीने माझा तास लावला होता, पहिल्यापासून. तिचं खातं अजून बंद केलेलं नसावं.

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आपलाच आवाज छतातून ऐकायला फार विचित्र वाटतो, पेन्सिल. किती खुशीत बोलते मी. बांगडी झाली. मग दुकानाचा विनोद आला, तो मी कसा सांगते तुला माहीत आहे, आधी गिऱ्हाइकाचा आवाज, मग वाण्याचा. तो सांगून झाल्यावर मी थांबले. त्या दिवशी खोलीत फक्त कॅमेऱ्यावरची दोन मुलं होती, ती हसली नव्हती, तरी मी थांबले होते. तीस वर्षांची सवय, वर्ग हसून होईपर्यंत थांबायचं.

मी छताकडे बघत उभी होते. वर काहीच आवाज नव्हता. मग वरून मीच पुढे बोलायला लागले.

रबर